टेर्सखेलिंगचे वीस भूखंड: समुदाय-विश्लेषण शिकताना एका तक्त्याचा अभ्यास

टेर्सखेलिंग हे नेदरलँड्सच्या उत्तरेला, उत्तर समुद्र आणि वाडन समुद्र यांच्या मध्ये असलेले वाळूच्या टेकड्यांचे बेट आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या टेकड्यांमधील गवताळ कुरणांचे सर्वेक्षण झाले. कुरणांची निगा कोणत्या पद्धतीने राखली जाते आणि तिथे कोणत्या वनस्पती वाढतात, यांत काही संबंध दिसतो का, हा त्या सर्वेक्षणामागचा प्रश्न होता. त्यातील ८० नोंदींपैकी २० नोंदी निवडून १९८७ साली एका पाठ्यपुस्तकात उदाहरणादाखल घेण्यात आल्या आणि पुढे आर या संगणकभाषेतील वेगन या पॅकेजबरोबर हा छोटा तक्ता जगभर पोहोचला. परिसंस्थेतील समुदायांच्या माहितीचे सांख्यिकीय विश्लेषण शिकणारे बहुतेक जण कधी ना कधी या तक्त्यापाशी येतात.

येतात आणि फार लवकर पुढे जातात, असे माझे निरीक्षण आहे. आज्ञा लिहिल्या, आलेख आला, पी-मूल्य (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी आले की धडा संपतो. प्रत्यक्ष क्षेत्रीय माहितीत ज्या अडचणी येतात, त्यांपैकी जवळजवळ सगळ्या या वीस ओळींत आहेत, आणि तक्ता इतका लहान आहे की त्या कागद-पेन्सिलीने तपासता येतात. म्हणून ‘निगेच्या पद्धतीनुसार वनस्पतिसमुदाय वेगळा असतो का’ हा एकच प्रश्न घेऊन या तक्त्याचे विश्लेषण येथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत केले आहे. कोणती पद्धत वापरावी, या प्रश्नाच्या आधी दोन प्रश्न येतात: दोन ठिकाणांमधील कोणता फरक आपण फरक म्हणून मोजणार आहोत, आणि आपल्या नमुन्याच्या रचनेला कोणकोणती कारणे एकमेकांपासून वेगळी करता येतात. हे दोन प्रश्न सुटले नाहीत, तर पुढची कोणतीही चाचणी त्यांची भरपाई करू शकत नाही.

तक्त्यात काय आहे

मुख्य तक्त्यात २० भूखंड ओळींत आणि ३० प्रजाती स्तंभांत आहेत. यांतील २८ प्रजाती सपुष्प वनस्पतींच्या आणि दोन शेवाळांच्या आहेत. प्रत्येक चौकटीतील आकडा ० ते ९ या श्रेणीतला असून तो त्या प्रजातीने व्यापलेल्या जागेचा आणि तिच्या विपुलतेचा दर्जा दाखवतो. ही रोपांची मोजणी नव्हे, आणि टक्केवारीही नव्हे. ८ म्हणजे ४च्या दुप्पट, असे येथे म्हणता येत नाही. नोंद करतानाच मोठ्या आणि छोट्या आच्छादनांतील दरी बरीच कमी केलेली आहे. त्यामुळे विश्लेषणापूर्वी लॉगरिदम किंवा चौथे मूळ घ्यावे, हा इतरत्र योग्य असलेला सल्ला येथे डोळे झाकून पाळण्याची गरज नाही, कारण दबलेल्या आकड्यांना पुन्हा दाबले तर प्रबळ आणि तुरळक प्रजातींमधला उरलासुरला भेदही पुसला जातो.

तक्त्यात एकूण ६०० चौकटी आहेत आणि त्यांपैकी ४०३ शून्य आहेत, म्हणजे दोनतृतीयांश तक्ता रिकामा आहे. समुदायाच्या माहितीचे हे नेहमीचे रूप आहे. शून्याचा अर्थ मात्र प्रत्येक ठिकाणी एकच नसतो. एखादी प्रजाती एखाद्या भूखंडात नसेल, तर तिथे पाणी जास्त असेल, कमी असेल, चराई जास्त असेल, बी पोहोचले नसेल, किंवा नोंद करणाऱ्याच्या नजरेतून ती सुटलीही असेल. म्हणून दोन भूखंडांत एखादी प्रजाती नाही, एवढ्यावरून ते दोन भूखंड एकमेकांसारखे ठरत नाहीत. तीन प्रजाती तर प्रत्येकी एकाच भूखंडात आढळतात: किनोपोडियम अल्बम १३व्या, सिर्शियम अर्व्हेन्से ४थ्या आणि एम्पेट्रम नायग्रम १९व्या भूखंडात.

दुसऱ्या तक्त्यात प्रत्येक भूखंडाबद्दल पाच गोष्टी नोंदल्या आहेत: मातीच्या ए-१ थराची (सेंद्रिय द्रव्य मिसळलेल्या वरच्या थराची) जाडी, ओलाव्याची पातळी, निगेची पद्धत, जमिनीचा वापर आणि खताचे प्रमाण. निगेच्या पद्धती चार आहेत. रूढ शेतीचे ६ भूखंड, जैविक शेतीचे ३, हौशी शेतीचे ५ आणि निसर्गसंवर्धनासाठी राखलेले ६. ही विभागणी असमान आहे, आणि तीनचा गट पुढे बराच त्रास देणार आहे.

दोन जोड्या हाताने

संगणकाला वीस भूखंडांमधील सर्व १९० अंतरे काढायला सांगण्यापूर्वी दोन अंतरे स्वतः काढावीत, असा माझा आग्रह आहे. पहिला भूखंड रूढ शेतीतला, कोरडा आणि प्रजातींनी गरीब आहे. त्यात पाचच प्रजाती आहेत: लोलियम पेरेने ७, एलिमस रेपेन्स ४, पोआ प्रॅटेन्सिस ४, पोआ ट्रिव्हियालिस २ आणि अकिलिया मिलेफोलियम १. या आकड्यांची बेरीज १८ होते. दुसऱ्या भूखंडात १० प्रजाती आहेत, बेरीज ४२ आहे, आणि पहिल्या भूखंडातील पाचही प्रजाती त्यात आहेत. सतराव्या भूखंडात ७ प्रजाती असून बेरीज १५ आहे. त्यात एअरा प्रीकॉक्स, अँथोझँथम ओडोरॅटम, हायपोकेरिस रॅडिकाटा अशा निकृष्ट, कोरड्या वाळूवरच्या वनस्पती आहेत, आणि पहिल्या भूखंडाशी त्याच्या दोनच प्रजाती जुळतात.

कुरणात उभे राहून पाहणाऱ्याला पहिला आणि दुसरा भूखंड एकाच प्रकारच्या गवताचे दोन तुकडे वाटतील आणि सतरावा त्यांच्यापासून दूरचा वाटेल. शाळेत शिकलेले युक्लिडीय अंतर मात्र याच्या उलट सांगते. पहिल्या आणि दुसऱ्या भूखंडांतील फरकांच्या वर्गांची बेरीज ११२ येते, म्हणजे अंतर १०.५८. पहिल्या आणि सतराव्या भूखंडांत तीच बेरीज १११ येते, म्हणजे अंतर १०.५४. पाचपैकी पाच प्रजाती सामाईक असलेली जोडी दोनच प्रजाती सामाईक असलेल्या जोडीपेक्षा जरा दूरच ठरते.

याचे कारण सांगताना संयुक्त शून्यांकडे, म्हणजे दोन्ही भूखंडांत नसलेल्या प्रजातींकडे, बोट दाखवण्याची सवय आहे. पण येथे दोन्ही जोड्यांत अशा प्रजाती २०च आहेत, तेव्हा या विसंगतीचे खापर त्यांच्यावर फोडता येत नाही. वर्गांच्या बेरजेत काय काय आले, ते पाहिले की खरे कारण दिसते. पहिल्या जोडीच्या ११२ पैकी ७९ एवढा वाटा दुसऱ्या भूखंडात जास्तीच्या असलेल्या पाच प्रजातींचा आहे. तो भूखंड भरगच्च असल्यामुळे त्यातले आकडे मोठे आहेत आणि त्यांचे वर्ग आणखी मोठे होतात. सतरावा भूखंड विरळ आहे, त्यामुळे त्यातल्या वेगळ्या प्रजातींचे आकडे लहान आहेत आणि त्या वेगळ्या असूनही बेरजेत थोडीच भर घालतात. युक्लिडीय अंतराला प्रजातींची ओळख आणि एकूण विपुलता यांतला भेद कळत नाही.

आता ब्रे-कर्टिस असाम्य, म्हणजे दोन भूखंड किती वेगळे आहेत हे ० ते १ मध्ये सांगणारे माप, घेऊ. विस्कॉन्सिनमधील जंगलांवर काम करताना ब्रे आणि कर्टिस यांनी १९५७ साली ते वापरले आणि त्यांच्याच नावाने ते रूढ झाले. प्रत्येक प्रजातीसाठी दोन्ही भूखंडांतील आकड्यांपैकी लहान आकडा घ्यायचा, त्यांची बेरीज करायची, ती दुप्पट करून दोन्ही भूखंडांच्या एकूण बेरजेने भागायची आणि आलेले उत्तर १ मधून वजा करायचे. पहिल्या आणि दुसऱ्या भूखंडांत सामाईक वाटा १६ आहे, म्हणून ३२ भागिले ६० वजा करून असाम्य ०.४७ येते. पहिल्या आणि सतराव्यात सामाईक वाटा फक्त २ आहे, म्हणून ४ भागिले ३३ वजा करून ०.८८ येते. मोजमाप आता कुरणात दिसणाऱ्या चित्राशी जुळते.

युक्लिडीय अंतरावर उभ्या असलेल्या पद्धती वापरायच्याच असतील, तर आधी हेलिंजर रूपांतर करावे. प्रत्येक भूखंडातील आकडे त्या भूखंडाच्या बेरजेने भागून त्यांचे वर्गमूळ घेतले की युक्लिडीय अंतराची कमाल मर्यादा १.४१ होते, आणि या दोन जोड्यांची अंतरे अनुक्रमे ०.७७ आणि १.२६ येतात. लजाँद्र आणि गॅलागर यांनी २००१ साली हा मार्ग मांडल्यापासून तो समुदाय-विश्लेषणात सर्वत्र रुळला आहे. मात्र हेलिंजर रूपांतरात भूखंडाची एकूण विपुलता पूर्णपणे बाजूला पडते, ब्रे-कर्टिसमध्ये ती काही अंशी राहते. चराईमुळे सगळ्याच प्रजाती सारख्या प्रमाणात विरळ झाल्या, तर हेलिंजरच्या दृष्टीने काहीच बदलले नाही आणि ब्रे-कर्टिसच्या दृष्टीने बदल झाला. यांपैकी कोणते उत्तर बरोबर, हे अभ्यासाचा प्रश्न ठरवतो. प्रश्न समुदायाच्या रचनेचा असेल तर पहिले, एकूण वाढीचाही असेल तर दुसरे. या प्रकरणात पुढे ब्रे-कर्टिस घेतले आहे, कारण निगेच्या पद्धतीचा परिणाम प्रजातींच्या प्रमाणावर आणि गवताच्या दाटपणावर, दोन्हींवर होऊ शकतो.

आलेखाकडून काय अपेक्षावे

वीस भूखंड दोन अक्षांच्या आलेखावर मांडण्याच्या रीतींना एकत्रितपणे ऑर्डिनेशन म्हणतात, आणि शिकणाऱ्याला येथे पद्धतींच्या नावांची गर्दी भेटते. मूळ आकड्यांवर मुख्य घटक विश्लेषण केले तर एकूण प्रसरण (आकड्यांतील एकूण चढउतार) ८४.१२ येते आणि पहिले दोन अक्ष त्यातील सुमारे २९.५ आणि २१.६ टक्के भाग दाखवतात. टक्केवारी चांगली वाटते, पण ही पद्धत युक्लिडीय अंतरच जपते, आणि त्या अंतराने वर काय केले ते आपण पाहिले आहे. अनुरूपता विश्लेषण काय-वर्ग अंतर वापरते. त्यात एकूण विचलन २.११५ आहे आणि पहिल्या अक्षाचा वाटा ०.५३६, म्हणजे चौथ्या हिश्शाहून किंचित अधिक आहे. काय-वर्ग अंतर दुर्मीळ प्रजातींना मोठे वजन देते, त्यामुळे एका भूखंडात एकदाच आलेले एम्पेट्रम १९व्या भूखंडाला बाजूला खेचू शकते.

प्रजातींचा प्रतिसाद सरळ रेषेत मानावा की मध्ये शिखर असलेला मानावा, हे ठरवण्यासाठी प्रवणाची, म्हणजे समुदाय ज्या अक्षावर हळूहळू बदलत जातो त्याची, लांबी मोजण्याचा संकेत आहे. हिल आणि गॉश यांनी १९८० साली मांडलेल्या कलमुक्त अनुरूपता विश्लेषणात पहिल्या अक्षाची लांबी ३ पेक्षा कमी आली तर सरळ रेषेच्या पद्धती, ४ पेक्षा जास्त आली तर शिखरी प्रतिसादाच्या पद्धती, असा ढोबळ नियम सांगितला जातो. या तक्त्यात ती लांबी ३.७० येते, म्हणजे नियम नेमका तिथेच गप्प बसतो जिथे त्याची गरज आहे. मला हा योग शिकण्याच्या दृष्टीने फार उपयोगी वाटतो. उंबरठ्यावरचे आकडे निर्णय घेत नाहीत, आणि अशा वेळी दोन्ही मार्गांनी विश्लेषण करून निष्कर्ष बदलतो का ते पाहावे लागते.

अमापी बहुमितीय मापन ही पद्धत अंतरांऐवजी अंतरांचा क्रम जपते. १९६४ साली क्रुस्कलने तिला आजचे रूप दिले. क्रम किती बिघडला हे ‘ताण’ या मापाने सांगितले जाते. या वीस भूखंडांसाठी दोन अक्षांवरचा किमान ताण ०.११८३ मिळतो. त्याच्या अगदी जवळ, ०.११९३ ताणाचे दुसरे एक स्थानिक उत्तर आहे आणि गणना अनेकदा तिथेच अडकते. म्हणून वेगवेगळ्या यादृच्छिक प्रारंभांतून गणना पुन्हा पुन्हा करून किमान उत्तर एकाहून अधिक वेळा आले, याची खात्री करावी लागते. ०.१ ते ०.२ यांमधला ताण म्हणजे आलेख वापरण्याजोगा, पण दोन जवळच्या बिंदूंमधल्या बारीक फरकांवर भर देऊ नये, असा क्लार्कने १९९३ साली दिलेला संकेत आजही पाळला जातो.

आलेखावर सर्वांत ठळकपणे दिसतो तो ओलावा. एका टोकाला १४, १५, १६ आणि २० हे भूखंड, दुसऱ्या टोकाला कोरडी, चरलेली कुरणे. एलिओकॅरिस पॅलुस्ट्रिस ही पाणथळीतली वनस्पती ८, १४, १५, १६ आणि २० या पाच भूखंडांतच आहे. ते पाचही ओलाव्याच्या सर्वोच्च पातळीचे आहेत. निगेच्या पद्धतीनुसार पाहिले, तर त्यांतील एक हौशी शेतीचा, एक रूढ शेतीचा आणि तीन निसर्गसंवर्धनाचे आहेत. ही वनस्पती पाण्यामागे जाते, निगेमागे नाही. आलेख सिद्ध काहीच करत नाही, पण चाचणीपूर्वी कोणती शंका मनात ठेवायची, ते तो सांगतो, आणि येथे ती शंका ओलाव्याची आहे.

चाचणी आणि तिचे उत्तर

निगेच्या चार गटांत फरक आहे का, हे पाहण्यासाठी अँडरसनने २००१ साली मांडलेली पर्मानोव्हा ही चाचणी घेतली. तिचे तत्त्व साधे आहे. भूखंडांमधील अंतरांच्या वर्गांची बेरीज गटांमधील आणि गटांच्या आतील अशा दोन भागांत विभागायची, त्यांचे गुणोत्तर काढायचे, आणि मग भूखंडांवरची गटांची नावे यादृच्छिकपणे अदलाबदल करून तेच गुणोत्तर हजारदा काढून पाहायचे. प्रत्यक्ष गुणोत्तर या अदलाबदलीतून सहसा मिळत नसेल, तर गट आणि वनस्पती यांत संबंध आहे.

ब्रे-कर्टिस असाम्यावर एकूण बेरीज ४.२९९ येते. तिच्यातील १.४६९ गटांमधील आणि २.८३० गटांच्या आतील आहे. गटांची स्वातंत्र्यमात्रा (गटांची संख्या वजा १) ३ आणि उरलेल्यांची (भूखंड वजा गट) १६, म्हणून एफ-गुणोत्तर २.७७ आणि आर-वर्ग, म्हणजे एकूण बेरजेतील गटांमधील वाटा, ०.३४ येतो. पी-मूल्य ०.०१च्या खाली जाते. ‘निगेची पद्धत वनस्पतिसमुदायातील ३४ टक्के फरक स्पष्ट करते’ असे वाक्य लिहून येथेच थांबण्याचा मोह होतो.

त्या वाक्याला पहिली दुरुस्ती आर-वर्गातच हवी. वीस भूखंडांना चार नावे निव्वळ यादृच्छिक वाटली, तरी सरासरीने ३ भागिले १९, म्हणजे सुमारे ०.१६ एवढा आर-वर्ग आपोआप येतो. गटांच्या संख्येनुसार समायोजन केले की ०.३४ चा ०.२२ होतो. संबंध नाहीसा होत नाही, पण त्याचे आकारमान वेगळे दिसते, आणि अहवालात समायोजित आकडा दिला पाहिजे.

दुसरी बाब विखुरण्याची. ही चाचणी गटांचे मध्य वेगळे असतील तर फरक दाखवतेच, पण एक गट दाट आणि दुसरा पसरलेला असेल तरीही दाखवू शकते. जैविक शेतीच्या २, १० आणि ११ या तीन भूखंडांमधील असाम्ये ०.२९, ०.४१ आणि ०.५४ आहेत. निसर्गसंवर्धनाच्या गटात मात्र १४वा आणि १७वा भूखंड यांच्यात एकच प्रजाती सामाईक आहे आणि त्यांचे असाम्य ०.९० आहे. रूढ शेतीच्या १ल्या आणि १६व्या भूखंडांतही फक्त पोआ ट्रिव्हियालिस सामाईक असून असाम्य ०.९२ आहे. म्हणजे एकाच गटातील हे दोन भूखंड पहिल्या आणि सतराव्या या वेगळ्या गटांतल्या भूखंडांपेक्षाही एकमेकांपासून दूर आहेत. विखुरण्यासाठी वेगळी चाचणी उपलब्ध आहे आणि ती करावीच. पण तीन भूखंडांच्या गटावर तिची ताकद इतकी कमी असते की ‘फरक सार्थ नाही’, म्हणजे योगायोगापलीकडचा नाही, या उत्तरावर विसंबून राहता येत नाही. अंतरे समोर मांडणे अधिक प्रामाणिक आहे.

या असमान विखुरण्याने आपला निष्कर्ष खोटा पडतो का? येथे अँडरसन आणि वॉल्श यांचे २०१३चे काम उपयोगी पडते. गटांचे आकार असमान असताना लहान गट जास्त पसरलेला असेल, तर पर्मानोव्हा नसलेला फरक दाखवण्याकडे झुकते. मोठा गट जास्त पसरलेला असेल, तर ती उलट अधिक सावध होते. आपल्याकडे सहाचे गट पसरलेले आणि तीनचा गट दाट आहे. तेव्हा चाचणीने दाखवलेला फरक विखुरण्याच्या विषमतेतून फुगून आला असण्याची शक्यता कमी आहे. ही तपासणी दोन ओळींची आहे, पण बहुतेक अहवालांत ती नसते, याचे मला वाईट वाटते, कारण चाचणीवर घेतल्या जाणाऱ्या सर्वांत सामान्य आक्षेपाचे उत्तर त्यातच आहे.

जोडीने तुलना करण्याची इच्छा यानंतर होते: जैविक आणि हौशी शेतीत फरक आहे का, हौशी आणि रूढ शेतीत आहे का, अशा एकूण सहा तुलना. ती सुरू करण्याआधी एक गणित करावे. जैविकचे ३ आणि हौशीचे ५ मिळून ८ भूखंड. त्यांवर नावे वाटण्याच्या वेगळ्या रीती ५६च आहेत, म्हणून सर्वांत लहान शक्य पी-मूल्य १ भागिले ५६, म्हणजे ०.०१८. जैविकची ६ भूखंडांच्या कोणत्याही गटाशी तुलना केली, तर रीती ८४ आणि किमान पी-मूल्य ०.०१२. सहा तुलनांसाठी बॉनफेरोनी दुरुस्ती लावली, म्हणजे ०.०५ ला तुलनांच्या संख्येने भागले, की सार्थतेची पातळी ०.००८३ होते. म्हणजे जैविक शेतीचा समावेश असलेल्या तिन्ही तुलना, वनस्पती कितीही वेगळ्या असल्या तरी, या पातळीवर सार्थ ठरूच शकत नाहीत. संगणक ९९९ अदलाबदली केल्याचे सांगेल, पण त्या ५६ किंवा ८४ रीतींचीच पुनरावृत्ती असतील. या माहितीत त्या तीन प्रश्नांचे उत्तर नाही, आणि ते आधीच लिहून ठेवावे.

निगा, पाणी, माती, खत

पसरलेल्या गटांतील दूरच्या जोड्या पुन्हा पाहू. १ला भूखंड ओलाव्याच्या पहिल्या पातळीचा, १६वा पाचव्या. १४वा पाचव्या पातळीचा, १७वा दुसऱ्या. जैविक शेतीचे तिन्ही भूखंड पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीचे आहेत. गट दाट आहे की पसरलेला, हे मुख्यतः त्या गटाच्या वाट्याला किती प्रकारचे पाणी आले यावर ठरले आहे. ओलाव्याच्या चौथ्या आणि पाचव्या पातळीचे एकूण ९ भूखंड आहेत. त्यांपैकी ४ निसर्गसंवर्धनाचे, ३ रूढ शेतीचे, २ हौशी शेतीचे आहेत आणि जैविक शेतीचा एकही नाही. तेव्हा ‘जैविक शेतीचा समुदाय वेगळा आहे’ हे विधान आणि ‘या तीन भूखंडांत पाणी नाही’ हे विधान या तक्त्यात एकमेकांत मिसळले आहे. ओलावा प्रतिमानात (गणिती मॉडेलमध्ये) आधी घालून मग निगेचा परिणाम पाहणे योग्यच आहे, पण ओल्या जमिनीवरील जैविक शेती कशी दिसते, हे कोणतेही प्रतिमान येथे निरीक्षणावरून सांगू शकत नाही.

मातीच्या बाबतीत हा गुंता आकड्यांत दाखवता येतो. निगा आधी आणि ए-१ थराची जाडी नंतर घातली, तर निगेचा आर-वर्ग ०.३४ आणि जाडीचा ०.१० येतो. जाडी आधी घातली, तर जाडीचा ०.१७ आणि निगेचा ०.२८ येतो. दोन्हींची मिळून बेरीज तीच राहते, सुमारे ०.४४. बदलतो तो फक्त वाटा, कारण एकामागोमाग बेरीज करताना सामाईक भाग आधी येणाऱ्याच्या पदरात पडतो. एकाच तक्त्यावर दोन अभ्यासक केवळ आज्ञेतील नावांच्या क्रमामुळे वेगळे आकडे छापू शकतात, आणि दोघांपैकी कोणाचेही गणित चुकलेले नसते. म्हणून क्रम कारणांवरून ठरवावा, किंवा प्रत्येक घटकाचा सीमांत परिणाम, म्हणजे बाकीचे सगळे लक्षात घेतल्यावर उरणारा वाटा, द्यावा. कोणते केले, ते लिहावे.

या जाडीबद्दलही एक सावधगिरी हवी. तिची सर्वांत मोठी मूल्ये १४व्या आणि १५व्या भूखंडांची आहेत, ९.३ आणि ११.५ सेंटिमीटर. उरलेले सर्व १८ भूखंड २.८ ते ६.३ यांच्या दरम्यान आहेत. हे दोन्ही टोकाचे भूखंड पाणथळ आहेत आणि दोन्ही निसर्गसंवर्धनाचे आहेत. जाडीचा परिणाम म्हणून जे दिसते, ते बऱ्याच अंशी या दोन ओळींवर उभे आहे. त्या वगळून विश्लेषण पुन्हा करून पाहणे हे येथे पथ्य समजावे.

सर्वांत घट्ट गाठ खताची आहे. खताचे प्रमाण ० असलेले भूखंड ६ आहेत, आणि तेच ६ भूखंड निसर्गसंवर्धनाचे आहेत. एकही भूखंड असा नाही की जो निसर्गसंवर्धनाचा असून खत घातलेला आहे, किंवा इतर पद्धतीचा असून बिनखताचा आहे. निसर्गसंवर्धनाच्या भूखंडांतील वनस्पती वेगळ्या दिसतात, त्या संवर्धनाच्या इतर उपायांमुळे की केवळ खत बंद झाल्यामुळे, हे या तक्त्यावर करता येणाऱ्या कोणत्याही सांख्यिकीय प्रक्रियेने ठरणार नाही. निगा आणि खत, दोन्ही गट म्हणून प्रतिमानात घातले, तर संगणक एक पद वगळल्याची सूचना देतो. शिकणारे ती सूचना तांत्रिक अडथळा समजून पुढे जातात. खरे तर संपूर्ण विश्लेषणातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच असते.

भूखंड कोणत्या शेतावरचे आहेत आणि एकमेकांपासून किती दूर आहेत, हेही या पाच नोंदींत नाही. एकाच शेतातील दोन भूखंड स्वतंत्र मानता येत नाहीत, हे हर्लबर्टने १९८४ साली ठामपणे मांडले. शेताची ओळख नोंदलेली असती, तर नावांची अदलाबदल शेताच्या पातळीवर करता आली असती.

अंतरांवर आधारलेल्या पद्धतींऐवजी प्रत्येक प्रजातीसाठी स्वतंत्र प्रतिमान बसवून मग सर्वांचा एकत्रित विचार करण्याचा मार्गही आहे. अंतरांवरच्या पद्धती मध्यातील फरक आणि विखुरण्यातील फरक एकत्र मिसळतात, हा आक्षेप वॉर्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली मांडला आणि तो गंभीर आहे. मात्र ३० प्रजाती, २० भूखंड आणि दर्जांच्या स्वरूपातले आकडे असताना प्रतिमानाचे वितरण निवडणेही सोपे नाही, आणि खत व निगा यांची गाठ त्या मार्गानेही सुटत नाही.

अहवालात काय लिहावे

या तक्त्याच्या आधारे पुढील विधान करता येते: टेर्सखेलिंगमधील या २० भूखंडांत निगेच्या चार पद्धतींनुसार वनस्पतिसमुदायाची रचना वेगळी आढळते, ब्रे-कर्टिस असाम्यावर समायोजित आर-वर्ग सुमारे ०.२२ आहे, गटांच्या आतील विखुरणे असमान असले तरी मोठे गट अधिक पसरलेले असल्यामुळे हा निष्कर्ष त्यातून उद्भवलेला दिसत नाही, समुदायातील सर्वांत ठळक बदल ओलाव्याबरोबर जातो, आणि निगेचा परिणाम ओलाव्यापासून अंशतःच वेगळा करता येतो. निगेमुळे वनस्पती बदलल्या, असे लिहिता येत नाही, कारण निगा भूखंडांना यादृच्छिकपणे वाटून दिलेली नव्हती आणि शेतकरी ओली व कोरडी जमीन पाहूनच तिचा वापर ठरवतात. हे २० भूखंड मोठ्या संचातून उदाहरणासाठी निवडलेले आहेत, हेही त्याच परिच्छेदात यावे.

नवे सर्वेक्षण करण्याची संधी मिळाली, तर भूखंडांची संख्या वाढवण्याआधी रिकाम्या राहिलेल्या जागा भरायला हव्यात. जैविक शेतीतील ओले भूखंड, खत बंद केलेले पण संवर्धनाखाली नसलेले भूखंड, पाणथळ नसूनही ए-१ थर जाड असलेले भूखंड, आणि प्रत्येक भूखंडासोबत शेताची ओळख. जैविक शेतीचे भूखंड तीनऐवजी सहा झाले, तर त्यांच्या जोड-तुलनांतील किमान पी-मूल्य ०.०१२ किंवा ०.०१८ वरून ०.००२२ पर्यंत खाली येते आणि दुरुस्तीनंतरची पातळी पहिल्यांदाच आवाक्यात येते. खताची गाठ मात्र संख्येने सुटणार नाही, ती सोडवायला बिनखताचे वेगळ्या निगेचे भूखंडच शोधावे लागतील.